मोठ्यांचा फॅन्सी ड्रेस

गुढीपाडव्याच्या सकाळी डोंबिवलीत किंवा गिरगावात जाऊन उभं राहा. नऊवारी, नथ, फेटा आणि वर गॉगल अशा थाटात बुलेटवर बसलेल्या बायका दिसतील. एरवी लॅपटॉपपुढून न हलणारे पुरुष धोतर नेसून ढोल बडवताना दिसतील. डोंबिवलीतली ही स्वागतयात्रा १९९९ मध्ये सुरू झाली आणि तिथून गावोगाव पसरली. त्या सकाळी कोणी कोणाला विचारत नाही की, या वयात हे काय सोंग काढलंय? पण यांतल्याच एखादीनं जूनमधल्या एखाद्या साध्या शनिवारी आवडत्या मालिकेतल्या पात्राचा झगा बेतायला घेतला, की घरातून पहिला प्रश्न येतो, "कशासाठी? कुठे गॅदरिंग आहे का?"

प्रश्नात राग नसतो. आपल्याकडे सोंगाला निमित्त लागतं, एवढंच. सण, शाळेचं स्नेहसंमेलन, लग्नातलं संगीत यातलं काही नसेल तर हौस म्हणजे रिकामटेकडा उद्योग. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. वेशभूषा, हस्तकला आणि एखाद्या पुस्तकाचं वा सिनेमाचं वेड रोजच्या आठवड्यात बसवलं तरच टिकतं. वर्षातून एकदा कॉमिक कॉनसारख्या चाहत्यांच्या मेळ्यासाठी हजारो रुपयांचा पोशाख ऑनलाइन मागवायचा, दिवसभर फोटो काढायचे आणि मग तो माळ्यावर टाकायचा, असं करणारी मंडळी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गळतात. टिकतात ती, ज्यांनी छोटं काहीतरी स्वतः केलं आणि ते वापरलं.

आवडत्या पात्राचे कपडे आपण घालावेत ही कल्पना कालची नाही. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं, तेव्हा फॉरेस्ट ॲकरमन नावाचा तरुण आणि मोरोजो या टोपणनावानं ओळखली जाणारी त्याची मैत्रीण भविष्यकाळातले कपडे घालून तिथे आले. दोन्ही पोशाख तिनं शिवले होते. नाव मात्र बराच काळ त्याचंच झालं. शिवणाऱ्याच्या वाट्याला हे नेहमीचंच. पुढे जपानी चाहत्यांनी ही कला फार वर नेली. नागोया शहरात २००३ पासून कॉसप्लेचा, म्हणजे पात्राचा वेश घेण्याच्या या हौसेचा, जागतिक मेळा भरतो. भारतात २०११ साली दिल्ली हाटमध्ये पहिलं कॉमिक कॉन झालं, नंतर मुंबई-पुण्यातही असे मेळे भरू लागले. आणि आपलाच दाखला हवा असेल तर बालगंधर्व आहेत. ते रंगमंचावर ज्या तऱ्हेनं नेसत, दागिने घालत, केस बांधत, त्याचं अनुकरण त्या काळच्या चांगल्या घरांतल्या बायका करत होत्या. आणि ते सणासुदीपुरतं नव्हतं, रोजच्या नेसण्यात उतरलं होतं. मला या सगळ्या इतिहासातला हा भाग सर्वांत जवळचा वाटतो.

आधी खूण शोधा

नवखा माणूस पहिली चूक करतो ती सगळंच एकदम करायची. विग, चिलखत, बूट, तलवार, लेन्स असं सारं एका महिन्यात. त्यातलं निम्मं अर्धवट राहतं आणि उरलेलं घाईत बिघडतं. त्यापेक्षा पात्राची खूण शोधा. मोबाईलवर त्या पात्राचं चित्र उघडा आणि बोटाच्या पेराएवढं लहान करा. तेवढ्यातही जे डोळ्यांत भरतं, ती खूण. शेरलॉक होम्स म्हटलं की कानझाकणी शिकारी टोपी. गंमत म्हणजे ती टोपी लेखकापेक्षा चित्रकाराची देणगी आहे. सिडनी पॅजेटनं कथांच्या चित्रांत ती त्याच्या डोक्यावर चढवली आणि पुढच्या नाटक-सिनेमांनी ती कधी उतरू दिली नाही. आता कोणी नुसती ती टोपी घालून लोकलमध्ये चढलं तरी ओळख पटते. ॲनिमे पाहणाऱ्या मुलांना विचारा: गवती हॅट आणि लाल बंडी म्हणजे 'वन पीस'मधला लुफी, हिरव्या-काळ्या चौकड्या म्हणजे 'डीमन स्लेयर'मधला तांजिरो. बाकी काहीही नसलं तरी चालतं.

मराठी पात्रांचंही असंच आहे, फक्त आपण त्यांच्याकडे वेशभूषेच्या नजरेनं बघत नाही. दूरदर्शनवरचा दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आठवा. टोपी आणि कोट एवढ्यावर तो उभा राहतो, आणि शेजारी कोणी धिप्पाड मित्र गुंड्याभाऊ म्हणून उभा केलात तर शंकाच उरत नाही. काही पात्रं जोडीनंच ओळखू येतात. बहीण-भाऊ, नवरा-बायको, ऑफिसातले दोन मित्र यांच्यासाठी ही सोपी युक्ती. फास्टर फेणे व्हायला हडकुळी अंगकाठी असेल तर उत्तम, नसेल तर सायकल आणि जिभेनं काढलेला 'ट्टॉक' पुरेसा आहे. आणि 'अशी ही बनवाबनवी'? १९८८ च्या त्या सिनेमानंतर लिंबू कलरची साडी ही नुसती साडी राहिलीच नाही. ती नेसून ऑफिसात जा. ज्यांना कळायचं ते लिफ्टमध्येच हसतील, ज्यांना कळणार नाही ते म्हणतील, रंग छान आहे. दोन्हीकडून फायदा.

रोजच्या आयुष्यात वेशभूषा आणायची ती अशीच. डिस्नेच्या बागांमध्ये चौदा वर्षांवरच्या पाहुण्यांना पात्राचा पोशाख घालून यायला मनाई आहे. तिथल्या चाहत्यांनी मग पळवाट काढली: पोशाख नाही, पण रोजच्याच कपड्यांत पात्राची रंगसंगती. ही पळवाट आपल्या ऑफिसांना आणि कॉलेजांना फार सोयीची आहे. लाल शर्ट, निळी जीन्स आणि गळ्यात वा कमरेला पिवळी ओढणी, झाला लुफी. निळ्या स्वेटरातून बाहेर डोकावणारी पांढरी कॉलर म्हणजे टिनटिन, फक्त हे पुण्यात जानेवारीतच जमतं. मुंबईत स्वेटर घालून दादरला उतरणं हा वेगळाच शौर्याचा प्रकार आहे. अशा कपड्यांना वेगळा खर्च नाही, कोणाची परवानगी नको आणि मनात दिवसभर एक गुपित राहतं. पहिला महिना एवढंच करा. कपाटातले कपडे पलंगावर काढा आणि आहे त्यातून कोणकोण निघतं ते बघा.

पहिलं शिवण

यापुढे जायचं असेल तर स्वतः एक वस्त्र शिवा. शिवता येत नसलं तरी. तांजिरोचा हिरव्या-काळ्या चौकड्यांचा हाओरी, म्हणजे तो सैलसा जपानी अंगरखा, पहिल्या प्रयत्नाला फार चांगला. त्यात टक्स नाहीत, बटणं नाहीत, गोलाई जवळजवळ नाही. खांद्यावरून पुढे-मागे दुमडलेला एक लांब आयत, त्याला पुढून मधोमध चीर, बाह्यांचे दोन आयत आणि मानेमागून दोन्ही बाजूंना खाली उतरणारी एक पट्टी. झालं.

कापड पॉपलीन घ्या. चकचकीत सॅटिनच्या नादी लागू नका. ते कात्रीखाली सरकतं, मशीनखाली चुरगळतं आणि फोटोत स्वस्त दिसतं. मध्यम बांध्याच्या माणसाला ४४ इंची पन्ह्याचं पावणेतीन मीटर कापड पुरतं, तरी तीन घ्या. घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे ते पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करणं. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि शिवल्यानंतर आटलं तर बाही कोपराशी येते. मापासाठी स्वतःला टेप लावत बसू नका. अंगाला सैल बसणारा एखादा जुना कुर्ता जमिनीवर पसरा, त्याच्या कडेनं खडूनं रेघ ओढा आणि चारही बाजूंना इंचभर माया सोडून कापा. पहिल्या वेळी माया जास्तच सोडावी. आत दाबता येते, बाहेर काढता येत नाही. धीर होत नसेल तर आधी मांजरपाटावर कापून, धावदोरा घालून अंगावर चढवून बघा. शिंप्यांच्या घरात वाढलेली मुलं हे न सांगता करतात, आपण मात्र चांगल्या कापडावर थेट कात्री चालवतो.

आता चौकडी. हिरव्या कापडाचे भाग कापून झाल्यावर, पण शिवण्याआधी, ते सपाट फरशीवर जुन्या वर्तमानपत्रावर पसरा. खडू आणि पट्टीनं तीन-तीन इंचांचे चौकोन आखा. एकाआड एक चौकोनाच्या कडांना मास्किंग टेप लावा, टेप नखानं घट्ट दाबा आणि कापडावरच्या काळ्या रंगाचा पातळ हात द्या. जाड थर दिलात तर वाळल्यावर कडक होतो आणि दुमडला की तडकतो. दोन पातळ हात, मध्ये पूर्ण वाळण्याचा वेळ. एक दिवस राहू द्या, मग उलट्या बाजूनं इस्त्री फिरवा म्हणजे रंग पक्का होतो. बाजूची शिवण घालण्याआधी पुढच्या आणि मागच्या भागाचे चौकोन एका रेषेत येतात का, हे टाचण्या लावून तपासा. न जुळलेली चौकडी दुरून कोणाच्या लक्षात येत नाही, पण तुम्हाला ती कायम खुपत राहील.

मशीन नसेल तर हे सगळं हातानं, उलट टाक्यानं शिवता येतं. दोन-तीन रविवार जातात, जाऊ देत. शिंप्याकडे द्यायचं असेल तर पुढून, मागून आणि बाजूनं असे तीन फोटो छापून न्या. मोबाईल पुढे केलात तर पाहताना काका "हो हो" म्हणतात आणि शिवताना त्यांच्यासमोर काही नसतं. सोबत मापाचा कुर्ता द्या. आणि पात्राची गोष्ट सांगा, हे मी गंभीरपणे म्हणतेय. याला या अंगरख्यात तलवार चालवायची आहे, असं सांगितलं की शिंपी काखेत कापड जास्त सोडतो.

चिलखत, मनगटपट्टे आणि फोम

लोखंडी दिसणाऱ्या वस्तू बहुतेक वेळा ईव्हीए फोमच्या असतात. लहान मुलांच्या खोलीत अंथरतात त्या एकमेकांत अडकणाऱ्या चटया याच फोमच्या. पाच मिलिमीटर जाडी मनगटपट्टे आणि खांद्यांना ठीक, दोन मिलिमीटर नक्षीला, दहा मिलिमीटर छातीच्या कवचाला. थर्मोकोलकडे वळू नका. तो सहज मोडतो, रंगाच्या स्प्रेनं विरघळतो, आणि सजावटीच्या थर्मोकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदीही आहे.

सुरुवात मनगटपट्ट्यानं करा. हाताला स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म गुंडाळा, तिच्यावर कागदी चिकटपट्टीचे दोन थर द्या आणि मार्करनं पट्ट्याचा आकार हातावरच काढा. दुसऱ्या कोणाला तरी मनगटाच्या आतल्या बाजूनं बोथट टोकाच्या कात्रीनं ते कवच कापून काढायला सांगा. सपाट पसरलं की तुमच्या हाताचा अचूक कागद तयार. तो फोमवर ठेवून गिरवा. कापायला नवीन पात्याचा कटर घ्या आणि पातं उभं धरून एकाच रेषेवरून तीन-चार वेळा हलकेच फिरवा. फोम पात्याची धार फार लवकर खातो. कडा फाटल्यासारख्या येऊ लागल्या की हात नाही, पातं बदला. मग हीट गननं फोम तापवा. पृष्ठभागावर किंचित चमक आली की तो बाटलीवर गुंडाळून गार होईपर्यंत धरून ठेवा, तो गोलाई धरतो. जोडायला सुतार वापरतात तो रबरी गोंद, फेविकॉल एसआर ९९८ सारखा. दोन्ही कडांना लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग एकदाच, नेमक्या जागी दाबायचं. चिकटल्यावर सरकवता येत नाही.

रंगवण्याआधी पांढऱ्या फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून दोन-तीन हात द्या, नाहीतर फोम सगळा रंग पितो. त्यावर काळा ॲक्रिलिक, आणि तो वाळल्यावर चंदेरी रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा केलेला ब्रश कडांवरून हलकेच फिरवा. कडा चमकतात, खळगे काळे राहतात आणि अचानक तो तुकडा लोखंडाचा दिसू लागतो. हे पहिल्यांदा घडताना बघण्यात जी मजा आहे, ती तयार चिलखत विकत घेऊन मिळत नाही. इथे मी थोडी पक्षपाती आहे, हे मान्य.

दोन गोष्टींत मात्र गंमत नाही. रबरी गोंद ज्वलनशील असतो, त्याच्या वाफांनी डोकं धरतं. गॅसच्या शेगडीजवळ किंवा बंद खोलीत तो उघडू नका आणि गोंद ओला असताना हीट गन लावू नका. फोम घासताना नाकाला मास्क लावा. गॅलरी हीच या कामाची जागा. धुणं आधी आत घ्या.

चेहरा आणि केस

सिंधुदुर्गातल्या आणि गोव्यातल्या दशावतारी कलाकारांना नाटकाआधी देवळामागे रंगताना बघण्याचा योग आला तर सोडू नका. जो तो स्वतःची पेटी उघडून, छोटा आरसा समोर धरून आपला चेहरा आपणच रंगवतो. कंदिलाच्या काळापासून ही कला दुरून ओळखू येण्यासाठी घडली आहे, त्यामुळे भुवया आणि डोळ्यांवर सगळा भर असतो. आपल्यालाही तेवढंच हवं. डोळे आणि भुवया पात्राच्या झाल्या की बाकी चेहरा तुमचा राहिला तरी बिघडत नाही. कातडीचा रंग बदलायच्या फंदात पडू नका. गोऱ्या पात्रासाठी पांढरं फासायची गरज नाही आणि काळ्या पात्रासाठी काळं फासणं तर वाईटच दिसतं. सावळा होम्स आणि काळीसावळी हर्मायनी अगदी शोभतात.

दाढी-मिशांसाठी रंगभूमीवाले क्रेप आणि स्पिरिट गम वापरतात. गम आदल्या दिवशी कानामागे थोडासा लावून बघा. खाज, पुरळ आलं तर मिशी काजळाच्या पेन्सिलीनं काढा. काढताना ओढू नका, त्याचा रिमूव्हर मिळतो. रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवूनच घ्याव्यात आणि एकमेकांच्या लेन्स कधीही वापरू नयेत. विग कृत्रिम धाग्याचा असेल तर घरातला स्ट्रेटनर त्याला लावू नका, धागे वितळतात. तो टोकाकडून मुळाकडे विंचरत जायचं आणि शाम्पूच्या गार पाण्यात बुडवून सावलीत वाळवायचा.

खर्च आणि बाजार

पहिल्या वस्तूला पाचशे रुपयांची मर्यादा घालून घ्या. मर्यादा असली की डोकं चालतं. मुंबईत कापडासाठी मंगलदास मार्केट, लेस-मणी-खड्यांसाठी भुलेश्वर. पुण्यात लक्ष्मी रस्ता, तुळशीबाग आणि रविवार पेठ. नागपूरकरांना इतवारी आहे. दुकानात आत गेल्या गेल्या कटपीस विचारा. अंगरख्याला न पुरणारा तुकडा पट्ट्याला, खिशाला, टोपीला पुरतो. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी फेरी मारलीत तर जुने बकल, चामडी पट्टे, पितळी कुलपं असं बरंच सापडतं, आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गवती हॅट. एकदाच वापरायचा भारी पोशाख असेल तर तो नाटकांचा कपडेपट पुरवणाऱ्या दुकानातून भाड्यानं आणावा. पेशवाई अंगरखा स्वतः शिवण्याचा हट्ट पहिल्या वर्षी नको.

घरातली जागा हा खरा प्रश्न असतो, पैशांपेक्षाही. दोन खोल्यांच्या घरात हौसेला एक बंद होणारा डबा द्या, त्यात न मावणारं काही करू नका. डबा भरला की जुनं कोणाला तरी द्यायचं, म्हणजे घरच्यांची तक्रारही थांबते आणि नवशिक्यांना आयता विग मिळतो. वेळही असाच ठरवून ठेवा. आठवड्यातला एक ठरलेला वार, जेवणं आटोपल्यावरचा तासभर. त्या तासाला मोबाईलवर दुसऱ्यांचे पोशाख बघत बसणं मोजायचं नाही.

माणसांत वावरताना

घरच्यांना पटवण्याचा उत्तम मार्ग म्हणजे त्यांना कामाला लावणं. आईला उलट टाका येतो, वडिलांना ड्रिल धरता येतं, आजीला नऊवारीचे ओचे माहीत असतात. पोरं दिवाळीत किल्ला करतात तेव्हा सगळी गल्ली मदतीला येते ती याच कारणानं. एखादी संध्याकाळ घरीच करून बघा. पु. लं.चा जन्मदिवस ८ नोव्हेंबरला असतो. त्या दिवशी जेवायला येणाऱ्या प्रत्येकानं 'व्यक्ती आणि वल्ली'मधला कोणीतरी होऊन यायचं. कोणी पुस्तकांचा गठ्ठा कवटाळून सखाराम गटणे, कोणी लग्नघरातली यादी हातात घेऊन नारायण. एरवी वेशभूषेचं नाव काढलं की नाक मुरडणारे काकाही यात रंगतात, कारण ते मनातून कित्येक वर्षं हरितात्याच असतात.

बाहेर पडताना काही गोष्टी सांभाळा. तलवार फोमची असो की लाकडाची, प्रवासात ती पिशवीत; मेट्रोच्या तपासणीत ती अडवली जाईल असं धरूनच चाला. खरी पाती कधीच नको. पोलिसांचा किंवा सैनिकांचा हुबेहूब गणवेश घालून रस्त्यावर फिरू नका. त्या गणवेशात लोकांना आपण खरे अधिकारी आहोत असं भासवणं हा गुन्हा आहे. देवदेवता आणि इतिहासपुरुष यांचा वेश घ्यायचा तर त्या वेशात असताना वागणंही त्या वेशाला साजेसं हवं. नुसत्या रीलसाठी तो घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसऱ्याचा फोटो विचारून काढा, आणि विग, केप, चिलखत यांना हात लावण्याआधीही विचारा. कोणी पात्राचे कपडे घातले म्हणजे ती बाई सार्वजनिक मालमत्ता होत नाही. लहान मुलांचे फोटो त्यांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय टाकू नका. आणि कोणी एखाद्या पात्राचा टी-शर्ट घालून आला की त्याची परीक्षा घेणारे लोक असतात ना, "सांग बघू, तिसऱ्या भागात काय होतं?", त्यांच्यातले आपण होऊ नये. ज्यानं फक्त सिनेमा पाहिलाय त्याला पुस्तक वाचायला द्यावं, हिणवू नये. आवडत्या पात्राची चित्रं काढा, गोष्टी लिहा, मित्रांना द्या. पण ती विकायला लागलात की स्वामित्वहक्काचा प्रश्न येतो, तिथे थांबून माहिती घ्या.

उन्हाचंही बघा. फोमचं चिलखत आणि विग घालून मुंबईच्या दमट हवेत चार तास उभं राहणं म्हणजे शिक्षा असते. आत सुती बनियन, दर तासाला विग काढून पाच मिनिटं वारा, आणि पाण्याची बाटली पोशाखाचा भाग समजून सोबत. पट्ट्या तुटतात, शिवण उसवते, म्हणून सुई-दोरा, सेफ्टी पिना, दुहेरी चिकटपट्टी आणि फेविक्विकची ट्यूब एका छोट्या पाकिटात ठेवा. मेळ्यात या पाकिटामुळे जितक्या ओळखी होतात, तितक्या पोशाखामुळे होत नाहीत.

एक व्यवहाराची गोष्ट शेवटी. शिंपी नवरात्रापासून दिवाळीपर्यंत आणि पुढे लग्नसराईत तुमच्या झग्याला हात लावणार नाही. येत्या हिवाळ्यात काही घालायचं मनात असेल तर कापड गणपतीच्या आधी टाका, आणि स्वतः शिवणार असाल तर या शनिवारी पॉपलीन भिजत घाला.